मेहबूब खान आणि हात गमावलेला शामू

'मदर इंडिया' माहीत नाही असं घर मराठवाड्यात सापडणं अवघड. ज्यांनी तो थिएटरात पाहिला ते आता आजोबा-नानी झाले किंवा अल्लाहच्या घरी गेले. त्यांच्या पोरांनी दूरदर्शनवर पाहिला आणि नातवंडं मोबाईलवर त्याचे तुकडे बघतात. कुणालाही विचारा, त्या सिनेमातलं काय आठवतं? नांगर ओढणारी नर्गिस आठवते. पोटच्या पोरावर बंदूक रोखणारी आई आठवते. सुखीलाला तर असा आठवतो, जणू आपल्याच गावातल्या पेढीवर बसलेला.

शामू मात्र चटकन आठवत नाही. शामू म्हणजे राधाचा नवरा. राजकुमारनं ही भूमिका केली होती. पडीक माळ कसायला काढताना त्याचे दोन्ही हात मोठ्या दगडाखाली चिरडले जातात. काही दिवस तो घरात बसून राहतो, सावकाराचे टोमणे ऐकतो आणि एका रात्री बायको-पोरांना सोडून निघून जातो. पुन्हा येत नाही. पुढचा सगळा सिनेमा राधाचा आहे.

मेहबूब खान यांच्यावर लिहिताना लोक नर्गिसपासून सुरुवात करतात. आज शामूपासून करू. कारण या माणसाचं आयुष्य आणि त्याचे सिनेमे शेजारी-शेजारी ठेवून पाहिले की कळतं, गरिबी त्यांना आतून ठाऊक होती. सावकाराच्या वहीतली लबाडी त्यांना अचूक कळली होती. मग हात नसलेला माणूस दाखवताना तीच नजर कुठं अडली?

मेहबूब खान यांचा जन्म १९०७ साली बिलिमोऱ्याचा. हे गाव तेव्हा बडोदा संस्थानात होतं, आज गुजरातेत आहे. घर साधं. शाळेचं तोंड जवळजवळ पाहिलंच नाही. सिनेमाचं वेड मात्र लहानपणीच लागलं. पोरवयात घरातून पळून मुंबई गाठली, तेव्हा वालिद शोधत आले आणि कान धरून परत घेऊन गेले. दुसऱ्यांदा मुंबईत आले ते सिनेमावाल्यांना घोडे पुरवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर. ग्रँट रोडच्या तबेल्यात घोड्यांना नाल मारायचं काम त्यांनी केलं, असं सांगतात.

तिथून अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत एक्स्ट्रा म्हणून शिरकाव झाला. १९२७ च्या मूकपट 'अलीबाबा आणि चाळीस चोर'मध्ये ते चाळिसातले एक चोर होते. म्हणजे रांजणात बसायचं आणि पडद्यावर चेहरासुद्धा नीट दिसायचा नाही. १९३१ साली हिंदुस्थानचा पहिला बोलपट 'आलम आरा' निघाला, तेव्हा नायकासाठी इराणींच्या मनात मेहबूब यांचं नाव आलं होतं. पण पैसा गुंतलेला होता, नाव असलेला नट हवा होता. भूमिका गेली आपल्या मराठी मास्टर विठ्ठल यांच्याकडे. (मास्टर विठ्ठल यांच्यावर जुन्या कंपनीनं करार मोडल्याचा खटला भरला आणि त्यांचं वकीलपत्र बॅरिस्टर जिनांनी घेतलं, हा किस्सा जुने सिनेमावेडे अजून रंगवून सांगतात.)

एक्स्ट्राचं जिणं काय असतं, हे मुंबईतल्या लोकांना वेगळं सांगायला नको. रोजंदारी, रोजची रांग, आज नाव पुकारलं तर जेवण. हातावर पोट म्हणतात ते हेच. मेहबूब यांनी काही वर्षं असंच काढली. पुढं ते दिग्दर्शक झाले, स्टुडिओचे मालक झाले, पण कष्टाच्या माणसाकडं पाहताना त्यांची नजर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचीच राहिली.

१९३५ साली सागर मूव्हीटोननं त्यांना 'अल हिलाल' दिग्दर्शित करायला दिला. त्यानंतर गाडी थांबली नाही. 'जागीरदार', 'वतन', 'एक ही रास्ता' असे एकामागून एक सिनेमे आले. सगळ्यांबद्दल इथं सांगत बसत नाही. आपल्या विषयाला महत्त्वाचा आहे तो १९४० चा 'औरत'.

'औरत' म्हणजे 'मदर इंडिया'चं पहिलं रूप. तेच गाव, तोच सावकार, तीच राधा. राधा झाल्या होत्या सरदार अख्तर, ज्यांच्याशी मेहबूब यांनी पुढं दुसरं लग्न केलं. सुखीलालाचं काम कन्हैयालाल यांनी केलं. सतरा वर्षांनी 'मदर इंडिया' आला तेव्हा सगळे नट बदलले, सुखीलाला मात्र कन्हैयालालच राहिले.

ही कहाणी मेहबूब यांना सुचली कुठून? त्यांचे लेखक बाबूभाई मेहता वाचणारे होते. त्यांनी पर्ल बक या अमेरिकी लेखिकेच्या कादंबऱ्या मेहबूब यांना सांगितल्या. 'द गुड अर्थ' आणि 'द मदर', दोन्ही चीनमधल्या शेतकऱ्यांवर. 'द गुड अर्थ'वर हॉलिवूडनं १९३७ साली सिनेमा काढला, त्यात चिनी शेतकरी आणि त्याची बायको झाले गोरे नट. डोळ्यांना रंगरंगोटी करून चिनी बनवलेले. त्या बायकोच्या भूमिकेला ऑस्करही मिळालं. अॅना मे वाँग ही खरीखुरी चिनी वंशाची नटी हॉलिवूडमध्येच होती, तिला ती भूमिका दिली नाही. मेहबूब यांनी तीच चीनची माती उचलली आणि आपल्या गावात आणून टाकली. त्यांच्या सिनेमात शेतकरीण शेतकरणीसारखी चालते, घाम पुसते, पोरांच्या पुढ्यात भाकरी टाकते. हॉलिवूडला जे जमलं नाही ते शाळेत न गेलेल्या या माणसाला जमलं.

गोऱ्यांच्या नजरेशी मेहबूब यांचा सामना पुढंही होत राहिला. १९२७ साली कॅथरीन मेयो या अमेरिकी बाईनं 'मदर इंडिया' नावाचं पुस्तक लिहिलं होतं. हिंदुस्थानी माणूस घाणेरडा, मागासलेला, राज्य करायला नालायक, असा त्याचा एकूण सूर. देशभर संताप उसळला होता. मेहबूब यांनी आपल्या सिनेमाला मुद्दाम तेच नाव दिलं. १९५५ मध्ये सरकारला शंका आली, हा सिनेमा त्या पुस्तकावर तर नाही? दोन मंत्रालयांनी पटकथा मागवली. कंपनीनं पटकथेसोबत पत्र पाठवून कळवलं, की पुस्तकाशी संबंध नाही, उलट त्या पुस्तकाला उत्तर म्हणूनच हे नाव ठेवलंय. नाव तेच राहिलं, आणि आज 'मदर इंडिया' म्हटलं की नर्गिसच डोळ्यांपुढं येते. मेयोबाई कोण, हे वेगळं सांगावं लागतं.

याच सिनेमात बिरजूच्या भूमिकेसाठी मेहबूब यांना आधी साबू हवे होते. साबू म्हणजे म्हैसूरकडच्या एका गरीब मुस्लिम माहुताचा मुलगा. १९३७ च्या 'एलिफंट बॉय'मुळे ते रातोरात जगभर पोचले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या हवाई दलातही लढले. पण हॉलिवूडनं त्यांना आयुष्यभर जंगलातलं पोर बनवलं. वय वाढलं तरी कमरेचा पंचा सुटला नाही. बिरजूसारखी रागानं पेटलेली, विचार करणारी, गावकऱ्याची भूमिका त्यांना मिळाली असती तर काय झालं असतं, कोण जाणे. ते जुळून आलं नाही. भूमिका सुनील दत्त यांना मिळाली. साबू १९६३ साली वयाच्या ३९ व्या वर्षी गेले.

मेहबूब यांच्या 'आन'ला विलायतेत काय नाव मिळालं, हेही ऐकण्यासारखं आहे. १९५२ चा हा रंगीत सिनेमा. शेतकरी जय घमेंडी राजकन्येची घमेंड उतरवतो, तिला गावात राहायला लावतो, अशी गोष्ट. आपल्याकडं निजामी जाऊन चार वर्षं झाली होती, जहागिरी संपून तीन. दिलीपकुमार राजघराण्यासमोर मान न झुकवता उभे राहतात, हे दृश्य आपल्या भागातल्या लोकांनी कोणत्या मनानं पाहिलं असेल, याची कल्पना करा. लंडनच्या वितरकांनी तो इंग्रजी पोस्टरवर लावला 'द सॅव्हेज प्रिन्सेस' म्हणून. म्हणजे रानटी राजकन्या. सिनेमाचा हिरो शेतकरी, त्याचं स्वाभिमान हे कथेचं बीज, आणि गोऱ्यांना त्यात काय दिसलं, तर रानटीपणा.

आता दुसरी बाजूही बघायला हवी. दुसऱ्यांना रानटी ठरवायचा दोष फक्त गोऱ्यांचा नाही. १९४२ च्या 'रोटी'त मेहबूब यांनी भांडवलदार लक्ष्मीदास दाखवला. लबाडीनं श्रीमंत झालेला. त्याचं विमान कोसळतं आणि तो आदिवासींच्या मुलुखात पडतो. तिथं पैसा नाही. धान्य, जनावरं, अदलाबदल, एकमेकांना मदत. शेवटी हाच लक्ष्मीदास वाळवंटात, सोन्यानं भरलेल्या मोटारीत, पाण्याच्या एका घोटावाचून तडफडून मरतो. चंद्रमोहन यांचं ते काम आणि अख्तरीबाई फैजाबादी, म्हणजे पुढच्या बेगम अख्तर, यांची साथ. पैशावर इतका थेट हल्ला हिंदी सिनेमात क्वचितच झाला असेल.

पण ते आदिवासी? शेख मुख्तार आणि कथकच्या नामवंत नर्तिका सितारादेवी. ही जमात कोणत्याही खऱ्या मुलुखातली नाही. शहरातल्या माणसाच्या स्वप्नातली आहे, भोळी, निर्मळ, नाचणारी. आपल्या कळमनुरी आणि औंढा भागात आंध समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. शेतमजुरी करतो, ऊसतोडीला जातो, कर्ज काढतो, मुलांना आश्रमशाळेत घालतो. त्यातलं कुणी 'रोटी' पाहायला बसलं असतं तर पडद्यावर स्वतःला शोधूनही सापडलं नसतं. मेहबूब यांना आदिवासी माणूस जवळून माहीत नव्हता. भांडवलदार वाईट आहे हे सांगायला त्यांना एक चांगली जमात हवी होती, ती त्यांनी बनवली.

शेतकरी मात्र त्यांनी बनवला नाही. तो त्यांना ठाऊक होता. 'मदर इंडिया'तलं कर्ज पाचशे रुपयांचं आहे. सासूनं लग्नासाठी काढलेलं. पंचायत बसते आणि सावकाराच्या बाजूनं निकाल देते, पिकाचा तीन चतुर्थांश वाटा नुसत्या व्याजापोटी. मुद्दल तसंच उभं. हे गणित इतकं नीट मांडलंय, की ज्याच्या घरात कुणी खासगी सावकाराकडून पैसे काढलेत त्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या घरात वही कुणालाच वाचता येत नाही. लाला जे म्हणेल ते खरं. बिरजूचा सगळा राग त्या अक्षरांवर आहे. लिहिण्या-वाचण्याशी ज्याचं नातं आयुष्यभर दूरचंच राहिलं, त्याच दिग्दर्शकाला वहीचा हा धाक इतका खरा दाखवता आला.

शेवटी बिरजू लालाच्या वह्या जाळतो. ही काही सिनेमावाल्यांची कल्पना नव्हे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे आणि वह्या पेटवल्या होत्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी खास कायदा करावा लागला. मराठी सिनेमानंही हा विषय आधी हाताळला होता. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला, त्यात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचं काम तरुण व्ही. शांताराम यांनी केलं होतं. म्हणजे मेहबूब एकटे नव्हते. पण देशातल्या घराघरात हा विषय नेला तो त्यांनीच. आणि कुणी नेला? मेहबूब खान, नर्गिस, नौशाद, शकील बदायुनी, वजाहत मिर्झा, अली रझा, कॅमेऱ्यामागं पारशी फरेदून इराणी. गावातल्या एका हिंदू आईची ही गोष्ट या मंडळींनी सांगितली आणि ती कुणालाच परकी वाटली नाही. आजच्या दिवसांत हे आठवून ठेवावं असं आहे.

२५ ऑक्टोबर १९५७, दिवाळी. मुंबईच्या लिबर्टी थिएटरात 'मदर इंडिया' लागला आणि वर्षभर उतरला नाही. (लिबर्टीचं उद्घाटनही १९४९ साली मेहबूब यांच्याच 'अंदाज'नं झालं होतं.) मराठवाडा निजामाच्या जुन्या राज्यातून मुंबई राज्यात येऊन तेव्हा वर्षच होत होतं, हिंगोली परभणी जिल्ह्यातला तालुका होता.

आता शामूकडं येऊ. १९४० च्या 'औरत'मध्ये शामूचे हात तुटत नाहीत. तिथं तो नुसता पळून जातो. बायको पुन्हा पोटुशी आहे, खाणारी तोंडं वाढतायत, गडी हिंमत हरतो आणि निघून जातो. भ्याडपणा आहे, पण खरा आहे. अशी माणसं प्रत्येक गावात असतात. १९५७ मध्ये मात्र दगड आला. असं का केलं असावं? मला वाटतं, नव्या सिनेमाला राधाचा नवरा भ्याड परवडणारा नव्हता. तो भला माणूस राहिला पाहिजे आणि तरी घरातून गेला पाहिजे. या अडचणीवर तोडगा म्हणून त्याचे हात घेतले. सिनेमात अपंगत्व बहुतेक वेळा असंच येतं. माणसाची गोष्ट म्हणून येत नाही, कथेतली अडचण सोडवायला येतं.

शामूचे हात गेल्यावर सिनेमा त्याला एकही काम देत नाही. बायको भरवते, बायको पुसते, तो मान खाली घालून बसतो. लाला त्याला बायकोच्या जिवावर जगणारा म्हणून हिणवतो. हे हिणवणं क्रूर आहे हे सिनेमा दाखवतो, ते मेहबूब यांचं श्रेय. पण शामू स्वतः लालाशी सहमत होतो, आणि त्याला अडवणारं कुणीच नाही. ज्याला दोन पाय आहेत, डोळे आहेत, जीभ आहे, शेतीचं ज्ञान आहे, असा माणूस राखण करू शकतो. पोरांना सांभाळू शकतो, पंचायतीत बोलू शकतो, गुरं चारू शकतो. यातलं काही सुचत नाही, ना त्याला, ना लेखकाला. बिरजूनं लालाची कर्जाची वही जाळली. हात गेलेल्या माणसाची किंमत शून्य, हा लालाचा दुसरा हिशेब मात्र कुणी जाळला नाही. तो सिनेमानंही खरा धरला.

आणि इथंच गंमत आहे, खरं तर वेदना आहे. हा हिशेब मेहबूब यांनी श्रीमंतांकडून घेतलेला नाही. तो हातावर पोट असणाऱ्यांच्याच जगातला आहे. हात चालले तर चूल पेटते, नाही चालले तर माणूस ओझं. तबेल्यात नाल मारणाऱ्या, एक्स्ट्राच्या रांगेत उभं राहणाऱ्या माणसानं हे रोज पाहिलं असणार. ज्या अनुभवातून त्यांना सावकार इतका खरा दिसला, त्याच अनुभवातून शामूचं निघून जाणं त्यांना स्वाभाविक वाटलं. म्हणून त्यांना दोष देऊन मोकळं होता येत नाही. आपल्या घरांतही हेच चालतं.

हिंगोली, वसमत, सेनगावकडं हळद, सोयाबीन, कापूस. सोयाबीनच्या दिवसांत मळणी यंत्रात हात गेल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. ज्याचा हात जातो त्याचं नाव गाव बदलून टाकतं. काल रफिक होता, आज थोटा. लंगडा, बहिरा, आंधळा, ही आपल्याकडं हाक मारायची नावं आहेत, आणि हाक मारणाऱ्याला त्यात काही गैरही वाटत नाही. पण त्याच माणसांतले कितीतरी पानटपरी चालवतात, एका हातानं ट्रॅक्टरचं स्टिअरिंग धरतात, मदरशात शिकवतात, मार्केट यार्डात हळदीचा भाव करतात. बायको-पोरांना सोडून अंधारात निघून जात नाहीत. शामूसारखं जाणं सिनेमात शोभून दिसतं. गावात माणूस सकाळी उठतो आणि दाताला ब्रश कसा करायचा ते नव्यानं शिकतो.

कायद्याची भाषा आता पुष्कळ पुढं गेली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, आधी सातच होते. ८ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं 'आँख मिचोली' या सिनेमावरच्या याचिकेत सिनेमावाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. अवमान करणारे शब्द टाळा, व्यंगाची टिंगल आणि व्यंगासोबतचं आयुष्य समजून घेणारा विनोद यांत फरक करा, ज्यांच्याबद्दल सिनेमा काढताय त्यांना विचारा. शेवटची सूचना मला सगळ्यात मोलाची वाटते. शामू लिहिताना हात नसलेल्या एखाद्या शेतकऱ्याला कुणी विचारलं असतं, तर राजकुमार यांना नुसतं बसून राहावं लागलं नसतं.

मराठी सिनेमानं इथं थोडं बरं काम केलंय, हेही नोंदवतो. सई परांजपे यांचा १९८० चा 'स्पर्श' हिंदी असला तरी नजर मराठी बाईची. त्यातला अंध मुख्याध्यापक दयेला नकार देतो, आणि त्या नकारातला त्याचा हट्टीपणाही सिनेमा लपवत नाही. 'चौकट राजा'तला दिलीप प्रभावळकरांचा नंदू आणि 'श्वास'मधला डोळे जाण्याआधी जग पाहून घेणारा परशा अजून अनेकांच्या मनात आहेत. या प्रत्येकात उणं काढता येईल. पण त्यांत ती माणसं गोष्टीच्या मध्यावर आहेत, वाटेतून बाजूला काढलेली नाहीत.

मेहबूब यांना असं मध्यावर आणता येत नव्हतं असंही नाही. १९५४ च्या 'अमर'मध्ये त्यांनी हिरोलाच गुन्हेगार ठरवलं. वकील, शिकलेला, श्रीमंत घरातला. तो एका गरीब गवळणीच्या पोरीवर अत्याचार करतो आणि गप्प बसतो. दिलीपकुमार यांच्यासारखा लाडका नट घेऊन हे दाखवायचं म्हणजे धाडसच. सिनेमा चालला नाही. 'एलान'मध्ये त्यांनी मुस्लिम घरातल्या तालमीचा प्रश्न घेतला होता, स्वतः तालमीला मुकलेल्या माणसानं. ज्या वर्षी 'अमर' पडला त्याच वर्षी वांद्र्याच्या हिल रोडवर मेहबूब स्टुडिओ उभा राहिला, तो आजही आहे.

त्यांच्या कंपनीच्या खुणेत विळा-हातोडा होता आणि सोबत एक उर्दू शेर, ज्याचा अर्थ असा की शत्रू कितीही वाईट चिंतो, घडतं तेच जे खुदाला मंजूर असतं. कम्युनिस्टांचं चिन्ह आणि तकदीरवरचा शेर एकाच चौकटीत. मेहबूब कोणत्या पक्षाचे नव्हते, पाच वक्ताचे नमाजी होते, आणि कष्टकऱ्याची बाजू घेताना त्यांना यात काही विसंगती वाटली नाही. ऑस्करसाठी 'मदर इंडिया'ची दोन तासांची छोटी आवृत्ती अमेरिकेला गेली, तेव्हा विळा-हातोडा काढून टाकला गेला. सिनेमा अखेरच्या पाचांत पोचला, बक्षीस इटलीच्या सिनेमाला मिळालं.

लहान बिरजूचं काम केलेला साजिद मुंबईच्या गरीब वस्तीतला पोरगा होता. मेहबूब आणि सरदार अख्तर यांनी पुढं त्याला दत्तक घेतलं. १९६२ च्या 'सन ऑफ इंडिया'त त्यालाच मुख्य भूमिका दिली. सिनेमा साफ पडला. १९६३ मध्ये पद्मश्री मिळाली. काश्मीरच्या हब्बा खातून यांच्या आयुष्यावर सिनेमा काढायचं मनात होतं.

२७ मे १९६४ रोजी पंडित नेहरू गेले. दुसऱ्या दिवशी, २८ मे रोजी, मेहबूब खान यांचा हृदयविकारानं इंतकाल झाला. देश नेहरूंच्या दुःखात होता, त्यामुळे ही बातमी वर्तमानपत्रांत कोपऱ्यात गेली. मुंबईत मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात त्यांना दफन करण्यात आलं. हब्बा खातूनचा सिनेमा राहून गेला.

त्याच वर्षी नोव्हेंबरात राजश्रीचा 'दोस्ती' आला. मोठा नट नाही, हिरोईन नाही. एक अंध पोरगा आणि एक पायानं अधू पोरगा मुंबईच्या रस्त्यावर एकमेकांना धरून राहतात. एक गातो, एक बाजा वाजवतो, दोघं मिळून कमावतात. अधू पोरगा शाळेत जातो आणि त्याच्या फीसाठी अंध पोरगा रस्त्यावर गातो. सिनेमात रडारड भरपूर आहे. लोकांनी तो डोक्यावर घेतला आणि त्या वर्षीचं फिल्मफेअर त्यालाच मिळालं.